‘काल’ म्हणायचं नाही

आमच्या ऑफिसात ‘काल’ हा शब्द बोलायला बंदी होती. शिवी चालायची. दुसऱ्याच्या डब्यातलं खमण न विचारता उचललेलं चालायचं. पण तोंडातून ‘काल’ निघालं की उठून गच्चीवर जायचं, तिथल्या वारा मोजायच्या यंत्राचा आकडा आपल्या डोळ्यांनी बघायचा आणि कठड्यावरून वाकून खाली ओरडून सांगायचा. तोच आकडा खाली स्क्रीनवर आपोआप येत असे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी जायचं. सुरतेजवळच्या हजीऱ्याचं ऊन ज्यानं भोगलंय त्याला मी काय सांगू. गच्चीच्या लोखंडी शिडीला हात लावला तर चटका बसायचा.

ही शिक्षा देवरेभाऊंनी काढलेली. प्रल्हाद देवरे, आमचे केंद्रप्रमुख. केंद्र हा शब्द मोठा आहे, जागा लहान होती. दोन खोल्या आणि वर गच्ची, समोर खाडीचा चिखल, मागं कारखान्यांच्या चिमण्या. समुद्रात आत एक पिवळा बोया नांगरून ठेवलेला होता. तो लाटेबरोबर वरखाली व्हायचा आणि लाट किती उंच, कुठल्या दिशेची, वारा किती, पाणी किती गरम, हे दिवसरात्र पाठवत राहायचा. जेट्टीवर भरती-ओहोटी मोजणारं एक यंत्र होतं. हे सगळं आमच्याकडं यायचं. आम्ही ते तपासून लांबच्या शहरातल्या हवामानवाल्यांकडं धाडायचो, ते त्यावरून पुढच्या दिवसांचा अंदाज काढायचे, आणि तो अंदाज आम्ही गुजराती, हिंदी, मराठीत बोलून बोटवाल्यांच्या फोनवर सोडायचो. एवढंच काम. ऐकायला सोपं आहे. देवरेभाऊंच्या हाताखाली केलं तर डोक्याला ताप होता.

मी जालन्याची. लग्न होऊन सुरतेत आले, कोसाडच्या वसाहतीत संसार मांडला. नवरा बांधकामावर सुपरवायझर. घरात बसून भिंती बघायचा मला कंटाळा, आणि बी.एस्सी.चा कागद ट्रंकेत पडून होता, म्हणून कुणीतरी सांगितलं तशी या केंद्रात मुलाखतीला गेले. मुलाखत घेणारा माणूस बसायलाच तयार नाही. खिडकीपासून दारापर्यंत जायचा, दारापासून खिडकीपर्यंत यायचा, आणि मी खुर्चीत बसून मान इकडून तिकडं वळवतेय.

“जालन्याच्या?”

“हो.”

“गुजराती येते?”

“नाही.” सुरतेत हे उत्तर दिलं की समोरचा माणूस तोंड वाकडं करतो. हा खूश झाला.

“छान. उद्या म्हणा.”

“काय?”

“उद्या. शब्द. म्हणून दाखवा.”

मी म्हणाले. त्यांनी परत म्हणायला लावलं. मग जरा लांब जाऊन, दाराबाहेर उभं राहून म्हणायला लावलं. मग म्हणाले, आता वाक्यात म्हणा. तोवर माझं डोकं सटकलं होतं. मी म्हणाले, “हे असंच उद्यापर्यंत चालणार आहे का?”

“झालं,” देवरेभाऊ म्हणाले. “सोमवारपासून या.”

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, वेड्यांच्या दवाखान्यात तर नाही ना गेलीस. मलाही तशीच शंका होती. पण सोमवारी गेले. ते लगेच ‘अहो’वरून ‘अगं’वर आले, आणि दुपारपर्यंत मी गच्चीवर होते. हसमुखभाई म्हणून आमचे तंत्रज्ञ होते, यंत्रांची डागडुजी बघायचे, मूळचे तिथलेच. त्यांनी विचारलं, बेन, कोसाडहून यायला बस मिळाली का, आणि मी म्हणाले, काल चौकशी करून ठेवली होती. हसमुखभाईंनी कपाळाला हात लावला. देवरेभाऊंनी नुसतं बोट वर केलं.

माणूस मुळात खानदेशातला, साक्री तालुक्यातला. गावात प्यायचं पाणी टँकरनं यायचं, समुद्र कुठला बघायला. वडील कापडाच्या लूमच्या खात्यात कामाला म्हणून सुरतेत आले आणि नवागामात, डिंडोलीच्या अलीकडं, खोली घेतली. भाऊ तिथंच वाढले. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि कसे कोण जाणे या समुद्राच्या कामात शिरले. आणि गंमत म्हणजे बोटीत पाय ठेवला की या माणसाला ओकारी. बोयाच्या दुरुस्तीला गेले की जाताना पिवळे, येताना हिरवे. तरी दर वेळी जायचे. हसमुखभाई म्हणायचे, साहेब, तुम्ही किनाऱ्यावर बसा ना. पण बसतील तर ते देवरेभाऊ कसले.

त्यांच्या खुर्चीवर जुन्या बॅटऱ्या बसायच्या. मी लागले तेव्हापासून ती खुर्ची बॅटऱ्यांचीच. चहा उभ्यानं, बशीत ओतून, बशी हातात घेऊन फेऱ्या. बोलताना उजवा पाय सारखा हलायचा. दर थोड्या वेळानं स्क्रीनपाशी यायचे आणि विचारायचे, “आत्ता काय?” मी सांगायची. परत एक फेरी, परत “आत्ता काय?” अहो, आत्ताच सांगितलं ना. “ते मघाचं झालं.” त्यांना कुणी ‘कसे आहात’ विचारलं तर म्हणायचे, “कधी? आत्ता?” आणि हा विनोद नसायचा, ते खरंच उत्तराची तयारी करायचे. आत्ता गुडघा दुखतोय, सकाळी नव्हता. बंदरावरचे लोक त्यांना मागं आत्ताभाऊ म्हणायचे, पुढं पुढं तोंडावरही म्हणायला लागले. त्यांना त्यात काही वाटलं नाही.

त्यांची दोन-तीन ठरलेली वाक्यं होती. एक, उशिरा आलेला आकडा म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. दुसरं, उद्याची भाकरी आत्ताच्या पिठाची असते. हवामानवाल्यांचा अंदाज चुकला आणि आम्ही त्यांना नावं ठेवायला लागलो की हे दुसरं वाक्य यायचं. त्यांना आपण पीठ काय दिलं ते आधी बघा, म्हणायचे. आणि बोयाचा संदेश मध्येच तुटला की म्हणायचे, तार तुटली. हे लूमचं. वडिलांकडून ऐकलेलं. जुन्या लूमवर तार तुटली तरी लूम थांबत नाही, तो दोषासकट कापड विणत राहतो, कारागिराचं लक्ष नसेल तर हातभर कापड वाया. स्क्रीनवरची रेघ सपाट झाली की भाऊंचा जीव तसा व्हायचा. आम्हाला फोन, हसमुखभाईंना फोन, बोया ज्या बाजूला आहे तिकडच्या प्रत्येक बोटवाल्याला फोन. “आत्ता काय दिसतंय?” लोक वैतागायचे. मीही वैतागायची. पण मला त्यांचा राग फार वेळ टिकवता येत नसे, हेही खरं.

मराठी मेसेज माझ्या आवाजात जायचा. बोलायची पद्धत त्यांनी घालून दिलेली आणि त्यात एक शब्द हलवायचा नाही. आधी ‘आत्ता’. आत्ता लाट इतकी आहे, वारा असा आहे. मग ‘उद्या’, आणि उद्याच्या मागं वाराचं नाव. उद्या मंगळवारी असं होईल. पहिल्या पहिल्यांदा मी भांडले. म्हटलं, समुद्रात उभ्या असलेल्या माणसाला आत्ताची लाट कशाला सांगायची, त्याला ती दिसतेय की. भाऊ म्हणाले, “म्हणूनच सांगायची. त्याला जे दिसतंय तेच आपण बोललो, तर जे दिसत नाही त्यावर तो विश्वास ठेवेल.” मला ते तेव्हा पटलं नाही. नोकरी नवीन होती म्हणून गप्प बसले.

एकदा बोयावरची सोलरची पाटी आणि दिवा कुणीतरी काढून नेला. बोयाभोवती मासे जमतात, म्हणून बोटी तिथं येतात, दोरी बांधतात, आणि जाता जाता हात मारतात. वरून पत्र आलं की पोलिसांत द्या. भाऊ म्हणाले, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, आणि हसमुखभाईंना नि मला घेऊन जवळच्या मच्छीमारांच्या गावात गेले. देवळापुढं माणसं जमली. भाऊंनी उभ्या उभ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत, गुजरातीत भाषण केलं. बोया तुमचा आहे, वगैरे. लोक जांभया देत होते. शेवटी एक म्हातारी मासेवाली म्हणाली, “अमने तो दरियो देखाय छे. तमने शुं पूछवानुं?” आम्हाला समुद्र दिसतो, तुम्हाला काय विचारायचं. सगळे हसले. मला वाटलं, आता हे चिडणार.

ते थांबले. म्हणाले, “मासी, तुम्हाला इथला दिसतो. तुमचा मुलगा आत्ता जिथं आहे तिथला दिसतो का?” म्हातारी हसायची थांबली. भाऊंनी फोन काढला, बोयाचा आत्ताचा आकडा तिच्यापुढं धरला. तिला आकड्यातलं काही कळेना. ती म्हणाली, ते ठेव, माझा मुलगा किती हलतोय ते सांग. तेव्हा हा एवढा मोठा साहेब तिच्यापुढं मातीत उकिडवा बसला. हाताचा पंजा आडवा धरला आणि हळूहळू वर नेला, खाली आणला, वर नेला. एवढा, मासी. एवढाच. काळजीचं नाही. ती त्या पंजाकडं बघत राहिली आणि तिच्याबरोबर बाकीच्या बायकाही. मी भाऊंना बसलेलं पाहिलं ते त्या दिवशी. आठवडा गेला नसेल, सोलरची पाटी आमच्या दाराला टेकवून ठेवलेली सापडली. दिवा मात्र गेला तो गेलाच. म्हातारी पुढं रोज भाऊंना फोन करायची, मारो छोकरो केटलो डोले छे, आणि हे फेऱ्या मारता मारता सांगायचे.

‘काल’चं काय ते मला बरेच दिवस कळलं नाही. हसमुखभाईंना विचारलं तर ते विषय बदलायचे. कळलं ते नवागामात, दिवाळीत. मी फराळाचा डबा घेऊन त्यांच्याकडं गेले होते. दिवाळीत लूम बंद असतात. एरवी त्या गल्लीत बोललेलं ऐकू येत नाही इतका खडखडाट, आणि त्या दिवशी सगळं गप्प. भाऊ घरात नव्हते, गल्लीत या टोकाहून त्या टोकाला चालत होते. आवाज बंद झाला की त्यांना घरात बसवत नाही, असं रंजनावहिनी म्हणाल्या. रंजनावहिनी म्हणजे त्यांची बायको, तोंडानं फटकळ, मनानं लोणी. घरात त्या अहिराणीच बोलतात.

“बठ माय,” त्या म्हणाल्या. “त्यास्ना नाद सोड. आंग घरमा ऱ्हास, जीव तिकडे दर्यामा.”

मग चहा ठेवता ठेवता त्यांनी सांगितलं. मी यायच्या आधी मराठी मेसेज भाऊ स्वतःच बोलायचे. सुरतेत वाढलेला माणूस. घरी अहिराणी, शाळेत गुजराती, कामावर हिंदी, आणि मराठी या सगळ्यांतून वाट काढत आलेली. गुजरातीत ‘काले’ म्हणजे काल आणि उद्याही, बोलण्याच्या ओघात कळून जातं कुठला ते. एका दिवशी वरून इशारा आला, उद्यापासून समुद्र खवळणार. भाऊंनी घाईघाईत मराठी मेसेज बोलून सोडला, “कालपासून दर्या खवळलेला राहील, बोटी नेऊ नका.” त्यांच्या डोक्यात तो उद्याच होता. तोंडातून गुजरातीतला निघाला.

डहाणूकडचा जनूभाऊ नावाचा मच्छीमार तेव्हा आपल्या धाकट्या भावाला, हरेशला घेऊन हजीऱ्याच्या बाहेरच्या पाण्यात जाळी टाकायला आलेला. त्याच्यासारखे मराठी ऐकणारे बरेच येतात. त्यानं मेसेज ऐकला. कालपासून खवळलेला? काल तर आपण जाऊन आलो, पाणी ताटात ओतल्यासारखं होतं. आजही तसंच आहे. हे मशिनवाले काहीही बोलतात. दोघं भाऊ बोट घेऊन गेले आणि रात्र तिकडंच राहिले. दुसऱ्या दिवशी समुद्र उठला. जनूभाऊ परत आला. हरेश आला नाही.

देवरेभाऊ डहाणूला त्याच्या घरी गेले होते. जनूभाऊनं पाणी दिलं, बसायला दिलं, आरडाओरडा काही केला नाही. एवढंच म्हणाला की तुमच्या मशिनवर माझा राग नाही, मशिन खरं बोललं. तुमच्या तोंडावर आहे. तो आवाज परत माझ्या कानात घालू नका.

“तवाधरून हाई बंदी,” वहिनी म्हणाल्या. “घरमा बी. मी बी काल म्हनत नही. सकाय बी म्हनत नही, त्यामा बी दोन अर्थ, सकाळ बी आन उद्या बी. वार सांगस. सोमवारले भाजी आनी, मंगळवारले दळन.” हे सांगताना त्या हसायला गेल्या आणि त्यांना जमलं नाही.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. या माणसानं घरादाराला, ऑफिसाला, अख्ख्या बंदराला ताक फुंकायला लावलं होतं. वहिनींनी आणखी एक सांगितलं. जनूभाऊ अजून समुद्रावर जातो, आता मुलाला घेऊन. समुद्र बिघडायची लक्षणं दिसली की मेसेज तर जातोच, पण भाऊ शिवाय त्याला स्वतः फोन लावतात. तो उचलत नाही. हे लावतात. त्यानं एकदा उचलावा आणि उद्या हा शब्द त्याच्या कानात नीट पडावा, एवढंच त्यांना हवंय. तो आपल्या रागापायी परत एकदा चुकीच्या दिवशी बाहेर राहील आणि या वेळी मुलगा जाईल, या धास्तीनं माणूस बसत नव्हता. मी गल्लीत पाहिलं. भाऊ चालतच होते. मला रडू आलं, आणि मी ते चहाबरोबर गिळलं.

पुढं एका वर्षी, पाऊस संपून बोटी बाहेर पडायला लागल्या होत्या तेव्हाची गोष्ट. बुधवार होता. सकाळी आले तर स्क्रीनवरची रेघ सपाट. कुठल्यातरी जाळ्यात अडकून बोयाचा साखळदंड तुटला होता आणि संदेश पाठवायचं यंत्रही मोडलं होतं, हे मागाहून कळलं. भाऊ म्हणाले, तार तुटली, आणि फेऱ्या सुरू. वरून फोनावर फोन. दक्षिणेला समुद्रात काहीतरी शिजतंय, त्याची लांब लाट तुमच्याकडं येईल असं गणित म्हणतंय, पण कधी ते नक्की सांगता येत नाही. तिथं आत्ता काय आहे ते कळलं तर इशारा आजच देता येईल. बोया गप्प. जेट्टीवरून बघून काही कळत नव्हतं, पाणी शांत. बंदरातल्या बोटवाल्यांना विचारून उपयोग नाही, ते आमच्यासारखेच किनाऱ्यावर. बाहेर, बोयाच्या बाजूला, कोण आहे?

हसमुखभाई जेट्टीवरून विचारून आले. त्यांनी माझ्याकडं बघून सांगितलं, भाऊंकडं न बघता. “तिकडं एकच बोट आहे. जनूभाऊची.”

भाऊंनी खिशात हात घातला, फोन काढला, परत ठेवला. मला म्हणाले, “तू लाव. तुझ्या फोनवरून. माझा नंबर दिसला तर उचलणार नाही.”

शांत दिवशी तिथवर रेंज पोचायची. मी लावला आणि स्पीकर सुरू केला. बराच वेळ वाजला. मग इंजिनाचा आवाज आणि, “कोण?”

“जनूभाऊ, मी हजीऱ्याच्या केंद्रातून बोलते. तिथं आत्ता लाट कशी आहे?”

तिकडं इंजिन मंदावलं. मला वाटलं, ठेवला. मग तो म्हणाला, “तू ती उद्यावाली ना?”

“काय?”

“आत्ता असं, उद्या मंगळवारी तसं, बोलते ती. रोज सकाळी फोनात येते.”

मी भाऊंकडं बघितलं. ते खोलीच्या मधोमध उभे होते आणि त्यांचा पाय हलत नव्हता. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की हा ऐकत नाही. हा रोज ऐकत होता.

“हो,” मी म्हणाले, “तीच.”

“मग तूच सांग लाट. तुझ्याकडं मशिन आहे.”

“मशिन बंद पडलंय. आज तुम्ही सांगा.”

तो जरासा हसला असावा. मग सांगायला लागला. वारा नाही. वरून पाणी गुळगुळीत. पण खालून उचलतंय. दक्षिणेकडून लांब लाट येतेय, पहाटे नव्हती. भाऊंनी माझ्या कानाशी येऊन कुजबुजून सांगितलं, दोन लाटांत किती वेळ जातो ते मोजायला सांग. मी सांगितलं. तिकडं जनूभाऊ मोठ्यानं मोजायला लागला. एक लाट आली की ‘आली’ म्हणायचा आणि परत एकपासून. इकडं भाऊ हातातल्या घड्याळाकडं बघत त्याच्याबरोबर पुटपुटत मोजत होते, आणि मोजता मोजता त्यांचा आवाज चढत गेला. हसमुखभाई दारात, मी फोन धरून. बऱ्याच लाटा मोजून झाल्यावर जनूभाऊ थांबला.

“तिथं कोण मोजतंय?”

मी भाऊंकडं बघितलं.

“तुझा आवाज नाही तो. देवरे आहे का तिथं?”

भाऊंनी मान हलवली, नाही म्हण. पण मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी बोलायचंही नव्हतं. “आहेत,” मी म्हणाले.

मग जनूभाऊ म्हणाला, “विचार त्याला, हे कधी येणार? काल का उद्या?”

मला तो शब्द कानशिलात मारल्यासारखा लागला. भाऊंना काय झालं असेल ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी मोजलेल्या लाटांचा मनात हिशेब केला आणि माझ्या हातातून फोन घेतला. शब्द न् शब्द सुटा करून ते म्हणाले.

“उद्या, जनूभाऊ. उद्या. गुरुवारी. सकाळच्या भरतीबरोबर. आत्ता जाळं ओढा आणि निघा. निघत नसेल तर कापा.”

फोन बंद झाला. रेंज गेली की त्यानं ठेवला, कोण सांगणार. भाऊंनी आकडे वर पाठवले, वरून इशारा आला, आणि मी मेसेज बोलले. आत्ता वारा नाही, पाणी वरून शांत आहे, पण दक्षिणेकडून लांब लाट सुरू झाली आहे. उद्या गुरुवारी समुद्र खवळेल. आज परत या. तीन भाषांत गेला. मग करण्यासारखं काही उरलं नाही, आणि तेच भाऊंना सगळ्यात अवघड. गच्चीवर जायचे, खाली यायचे. जेट्टीपर्यंत जायचे, अर्ध्यातून परतायचे. मी जेवणाचा डबा उघडून पुढं धरला तर माझ्यावरच खेकसले. मीही उलटून बोलले. दुपारच्या भरतीला बोटी एकेक करून खाडीत शिरायला लागल्या आणि त्यांच्यात जनूभाऊची होती. डहाणूपर्यंत जायला वेळ नव्हता म्हणून तो जवळच्या पाण्यात आला होता. पुढच्या टोकाला त्याचा मुलगा दोरी हातात घेऊन उभा. जाळं नव्हतं. कापून आला होता.

“जा ना भेटायला,” मी म्हणाले.

“नको. त्याला माझं तोंड बघायला नको.” भाऊ गच्चीच्या कठड्याआडून बघत राहिले. हसमुखभाईंनी जनूभाऊला चहा नेऊन दिला, त्यानं घेतला. गुरुवारी समुद्र उठला तेव्हा त्या बाजूला बोट नव्हती. शनिवारी पाणी बसलं आणि तो निघून गेला. केंद्रात आला नाही, फोनही केला नाही. भाऊंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त पुढच्या सोमवारी मला म्हणाले, “आवाज त्याला ओळखू आला बघ.” आणि फेरी मारायला गेले.

ते निवृत्त झाले त्या दिवशी आम्ही खुर्चीवरच्या बॅटऱ्या काढल्या. वरून साहेब आले होते. शाल, श्रीफळ, पेढे. रंजनावहिनी नवी साडी नेसून पहिल्या रांगेत. भाऊंना खुर्चीत बसवलं तर पाय असा हलत होता की खुर्ची कुरकुरत होती. साहेबांचं भाषण लांबलं. भाऊंनी खुर्चीतूनच कलून दोनदा शेजारच्या खोलीतल्या स्क्रीनकडं डोकावून घेतलं. मग त्यांना बोलायला सांगितलं. ते उठले, शाल खांद्यावर, नारळ हातात.

“मला काही बोलायचं नाही,” ते म्हणाले. “एकच सांगतो. काल जनूभाऊचा फोन आला होता.”

हसमुखभाईंचा पेढा तोंडाशीच राहिला. वहिनींनी माझ्याकडं बघितलं. भाऊंच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा मोकळा होता.

“त्यानंच लावला. मी नाही. विचारत होता, उद्या कसं आहे.”

आणि मग त्यांना ऐकू आलं, आपण काय म्हणालो ते. ते थांबले. साहेबांना यातलं काही माहीत नव्हतं, ते टाळ्या वाजवायला लागले. बाकी कुणाची हिंमत होईना. शेवटी मीच बोट वर केलं, त्यांनी माझ्या पहिल्या दिवशी केलं होतं तसं. देवरेभाऊंनी नारळ माझ्या हातात दिला आणि गच्चीकडं निघाले.

आम्ही सगळे अंगणात आलो. त्या शिडीवरून ते चढले, यंत्रापाशी गेले. शाल वाऱ्यानं उडत होती आणि ते ती एका हातानं धरून वाकून आकडा बघत होते. मग कठड्यापाशी आले आणि खाली ओरडून सांगितला.

“कधीचा?” मी खालून विचारलं. विचारायची गरज नव्हती.

“आत्ताचा,” ते म्हणाले.

मी तो लिहून घेतला. पुढच्या मेसेजात जनूभाऊला त्यावरूनच उद्याचं सांगायचं होतं.